नॉर्टन, आणि त्याआधी

आयर्लंडमध्ये, एनिस गावातलं आमचं घर आणि शेजारचं घर, यांच्यामध्ये कंबरेएवढी भिंत आहे. २०२१च्या हिवाळ्यात शाळा बंद होत्या, पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं जग त्या भिंतीपाशी संपत होतं. शाळेनं ऑनलाइन काम दिलं : एक आडनाव निवडा, ते कुठून आलं ते शोधा, आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या आडनावाबद्दल लिहा. तिनं शेजारच्या आजोबांचं निवडलं. नॉर्टन.

आडनावांची चौकशी मला मुळीच खपत नाही. बायको मला शंकासुर म्हणते, म्हणो बापडी. आपल्याकडे ‘मूळचे कुठले?’ हे कुणी भूगोलासाठी विचारत नाही. माझं आडनाव म्हणजे गावाच्या नावाला लावलेला ‘कर’. त्यावरून जात कळत नाही, आणि तेवढ्यासाठीच ते घेतलेलं आहे. आजोबा शाळेत गेले तेव्हा एका भल्या मास्तरांनी जुनं आडनाव बाजूला ठेवून हे लिहिलं. जुनं ऐकलं की लोक आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. मुलीला यातलं काहीही कळू द्यायचं नाही, हे मी ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं.

एका दुपारी हॉस्पिटलमधून आलो, तर आजोबा भिंतीपलीकडे उभे.

“डॉक्टर, तुमच्या नावातलं ते गाव कुठे आहे?”

“लांब आहे.”

“आणि त्याआधी तुम्ही कोण होतात?”

माझे कान तापले. इतक्या वर्षांत कुणा आयरिश माणसानं मला हे विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एका पुणेकर सहकाऱ्यानं, चहाच्या वेळी : “हो, पण त्याआधीचे कुठले?” हाच पठ्ठ्या दिवाळीत चकल्यांची पिशवी द्यायला आला होता आणि फाटकाशी आजोबांशी दहा मिनिटं बोलत होता. दोन अधिक दोन केले. यानंच कान भरले.

मुलीला सांगितलं, भिंतीशी जायचं नाही. कारण काय, तर करोना. डॉक्टर बापाचं खोटं तिनं निमूट ऐकलं. आजोबा बागेतून हात करत, ती खिडकीतून बघत बसे. त्यांचा पडदा हलला तरी मला वाटे, पाळत ठेवतायत. त्यांनी भिंतीवर घरचा ब्राउन ब्रेड ठेवला. तो मी उचलला नाही. पावसात भिजून त्याचा लगदा झाला, तरी मी ताठच.

शुक्रवारी मुलीनं लॅपटॉपसमोर निबंध वाचला. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. नॉर्टन म्हणजे उत्तरेकडची वस्ती. इंग्लंडमध्ये या नावाची गावंच गावं आहेत, आणि तिथून बाहेर पडलेल्यांना हेच आडनाव चिकटलं. “पण आमच्या शेजारच्या आजोबांचं कुणीही त्या गावांतून आलेलं नाही,” ती इथल्या क्लेअर परगण्याच्या हेलातल्या इंग्रजीत वाचत होती. “त्यांचे पूर्वज गॉलवेकडचे, त्यांचं आयरिश नाव वेगळंच होतं. पणजोबा एका इंग्रज जमीनदाराकडे कामाला लागले तेव्हा मुकादमानं वहीत नॉर्टन लिहिलं. ते गप्प बसले, कारण काम हवं होतं. आजोबांनी लहानपणी विचारलं, आपण त्याआधी कोण होतो, तर त्यांचे वडील चिडायचे. म्हणून आता ते सगळ्यांना विचारतात.”

मला माझीच शरम वाटली. चकलीवाल्या डॉक्टरचा यात काडीचाही संबंध नव्हता.

शेवटचं पान कोरं होतं. मी विचारलं, “हे का नाही लिहिलंस?”

“यू गेट क्रॉस, बाबा. जस्ट लाइक हिज डॅड.”

मी तिच्याजवळ जमिनीवरच बसलो. सांगितलं, की ज्या गावाचं नाव आपण लावतो, त्या गावात आपलं घर वेशीबाहेर होतं. पाण्याचंही सांगितलं. मग आमचं जुनं आडनाव उच्चारलं. ते या देशात मी प्रथमच मोठ्यानं म्हणत होतो.

“इज इट अ सीक्रेट?”

“होतं,” मी म्हणालो. “आता नाही.”

तिनं ते पेन्सिलीनं लिहिलं आणि वही घेऊन थेट भिंतीकडे पळाली. मी अडवलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडली.

आजोबांनी चष्मा लावून ते नाव सावकाश वाचलं. नीट जमलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. “दॅट्स अ ग्रँड नेम,” ते तिला म्हणाले.

माझ्या वडिलांनी ते परक्यांच्या तोंडून कायम शिवी म्हणूनच ऐकलं होतं.