लाट वाफ्याला लागू नये

सन १९४२. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते, कापूस जीनमध्ये येऊ लागला होता आणि तळं अजून काठोकाठ भरलेलं होतं. तिथपासून मोहरमपर्यंतच्या या गोष्टी. मी त्या मुद्दाम साठवल्या नाहीत. सरकीची पोती पडतात तशा एकावर एक पडत गेल्या. बसलात तर सांगतो. मध्ये बोलू नका.

शेलूबाजारपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाला मोठं तळं, तळ्याच्या काठी मालकाची जीन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. मी तिथे इंजिनाला तेल पाजणारा माणूस. शाळा दुसरीपर्यंत.

मालकाला शौक दांडगा. लढाईच्या आधी त्यांनी मुंबईहून बोट मागवली. पांढरी, लाकडी, मागच्या बाजूला पेट्रोलचं इंजिन टांगलेलं. वाशीमच्या ठेसनावरून ती बैलबंडीवर आली. वाटेत लोक विचारत, "हे काय हाये बाप्पा?"

बंडीवाला सांगे, "मालकाची नवी मोटार हाये. चाकं मांगून येऊन राह्यले!"

इंजिन जाणणारा गावात मी एकटा. म्हणून बोट माझ्याकडे आली. मी मागितली नव्हती.

*

लढाई लागली आणि पेट्रोल कुपनावर गेलं. मालकाच्या मोटारीला जे मिळे, त्यातलं रविवारपुरतं मोजकं बोटीला.

मालकाचं एक गणित होतं. "महादू, बोट जोरात चालव. जल्दी पोचलो का इंजिन कमी वेळ चालते. मंग पेट्रोल कमी लागते!"

मी म्हटलं, "मालक, उलटं हाये."

"तुले काय समजते? दुसरी शिकला तू!"

मी वाद घातला नाही. तुरीची एक सरळ काडी घेतली, तिला बोटाबोटावर खाचा पाडल्या. दोघे बोटीत बसलो. पलीकडच्या काठाला जोरात गेलो आणि काडी टाकीत घातली. चार बोटं पेट्रोल गेलं होतं. येताना वेगाची दांडी अर्ध्याच्या खाली ठेवून आलो. दोन बोटं गेलं.

मालक काडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काडी पेट्रोल पिऊन राह्यली!"

दुसऱ्या रविवारी त्यांनी पितळेची सळई आणली. तिला खाचा पाडून आणल्या त्या सोनाराकडून! जाताना चार, येताना दोन.

मालक म्हणाले, "पितळही तुह्याकडून झालं, महादू."

*

बोटीला वेग दाखवणारा काटा नव्हता. आमचा काटा म्हणजे भिकाजी.

भिकाजी माळी. पलीकडच्या काठावर, पाण्याला लागून त्याचे वांग्यांचे वाफे. बोट जोरात गेली की लाट वाफ्यात शिरायची आणि मातीसकट रोपं घेऊन जायची. पहिल्या वर्षी तो नुसता ओरडला. दुसऱ्या वर्षी काठावर गोटे रचून बसला.

"महादेवा! हळू जाशीन तं वांगे देईन. जोरात जाशीन तं हे देईन!"

एक गोटा त्याने मारलाही. बोटीचा पांढरा रंग तिथे कायमचा उडाला.

पण मला त्यातून एक गोष्ट सापडली. लाट जिथे वाफ्याच्या हातभर अलीकडे विरते, तोच पेट्रोल वाचवणारा वेग. मग मी इंजिनाकडे पाहायचं सोडलं, भिकाजीकडे पाहू लागलो. तो उभा राहिला की वेग जास्त. बसून खुरपत असला की बरोबर. हसत असला तर बोट फारच हळू चालली आहे.

*

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी वाशीमचे एक अंमलदार पाहुणे आले. मालक म्हणाले, "साहेबाले दाखव आपली बोट काय चीज हाये!"

इथे मी चुकलो. लपवत नाही. चांगले कपडे घातलेला माणूस समोर बसला आणि माझं डोकं फिरलं. दांडी पुरी ओढली. भिकाजी उभा राहिला, ओरडला, गोटा उचलला. मी पाहिलं नाही. दोन चकरा मारल्या. तिसरीत, तळ्याच्या मधोमध, इंजिन फुर्रर्र करून बंद पडलं.

वल्हं नव्हतं. मोटारबोटीला वल्हं कशाला, असं मालकाचंच म्हणणं. अंमलदारांनी आपली छत्री दिली. मालकांनी फराळाचं ताट घेतलं. छत्रीने आणि ताटाने पाणी मारत आम्ही काठाला लागलो.

वाटेत मालक पाहुण्यांना म्हणाले, "साहेब, सध्या असंच पेट्रोल वाचवणं चालू हाये!"

साहेब भला माणूस. हसला. म्हणाला, "उद्या सकाळी मंडळींना घेऊन येतो. त्यांनाही फिरवा."

आता आली पंचाईत. मोटारीचं कुपन संपलेलं. मालकाचं तोंड उतरलं. पेट्रोल मी उडवलं होतं, तेव्हा आणणारही मीच. चालत शेलूबाजार गाठलं.

*

शेलूबाजारला हुसेनभाई. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर. त्याच्या घरी एक भरलेला डबा होता. त्याच्या वाट्याला येणाऱ्यातून वर्षभर थोडं थोडं राखलेला. कशाला, ते मला माहीत होतं.

तो म्हणाला, "महादूभाऊ, वीस साल झाले, लोकाच्या बारातीच नेऊन राह्यलो. पोराची बारात मोहरमच्या आधीच्या जुम्म्याला धनज गावाले जाते. मोटारवाले मोटार देते, पेट्रोल मह्यं. बैलबंडीत नाई नेणार मी मह्या पोराले."

मी म्हटलं, "जुम्म्याच्या आधी डबा तुमच्या दारात. गळ्यापर्यंत भरलेला."

"आणि नाई आला तं?"

मी खांदा पुढे केला.

त्याने डबा उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. "वजन हाये. संभाळून न्या."

दुसऱ्या दिवशी साहेबांची मंडळी फिरली. नंतरच्या चार दिवसांत मालकाचे सोयरे फिरले. डबा रिकामा झाला. मोहरमच्या आत सात रविवार होते.

*

मी मालकांना म्हटलं, "रविवारचं पेट्रोल देता तेवढंच द्या. दोन चकरा पुऱ्या करीन. उरलं ते माझं."

मालक म्हणाले, "त्यात काय उरते? घे!"

मग मी काय केलं ते सांगतो. दांडी भिकाजीच्या हिशोबाने ठेवली. काठ शंभर हातांवर आला की इंजिन बंद, बोट आपसूक सरकत लागायची. बुडाचं शेवाळ दर शनिवारी खरवडलं. वजन कमी करायला मालकाची शिसवी खुर्ची काढली, पाण्याचा हंडा काढला, सतरंजी काढली.

तिसऱ्या रविवारी मालक फळीवर बसले आणि म्हणाले, "अजून काही कमी होते का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मालकांनी मुकाट्याने पायातले जोडे काढून काठावर ठेवले!

*

उरलेलं पेट्रोल ठेवायचं कुठे? जीनमध्ये कापूस. ठिणगी पडली तर गाव जाईल. भिकाजी म्हणाला, "मह्या खोपडीत ठेव. थंड हाये."

"आणि तुमची चिलीम?"

भिकाजीची चिलीम तोंडातून सुटलेली कोणी पाहिली नव्हती. तो म्हणाला, "वाफे वाचून राह्यले ना मह्ये?" आणि चिलीम झोपडीच्या छपरात खोचून टाकली.

सात आठवडे त्याने ओढली नाही. त्या दिवसांत त्याच्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती. त्याची बायको मला म्हणायची, "लवकर भरा हो तुमचा डबा. आमाले जगू द्या!"

*

सातवा रविवार. डबा गळ्याला चार बोटं कमी होता. पाचव्या दिवशी बारात.

आणि नेमके ते अंमलदार पुन्हा आले! बरोबर दोघे मित्र. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, बोट वाऱ्यासारखी पळते.

मी दांडी रोजच्या जागी ठेवली. बोट चालली. साहेब म्हणाले, "जरा वेग येऊ द्या."

मी ऐकलं नाही.

मालक म्हणाले, "महादू, वाढव."

"नाही."

"वाढव म्हणतो ना! कायले इज्जत घालवून राह्यला?"

तेवढ्यात भिकाजी आला. वाळलेल्या भोपळ्यांचा तराफा, त्यावर वांग्यांच्या दोन टोपल्या, हातात बांबू. बोटीच्या बाजूला आला. बरोबर चालला. मग पुढे गेला!

एक मित्र ओरडला, "अहो, वांगीवाला पुढे गेला!"

भिकाजी मागे वळून म्हणाला, "साहेब, घाई असंन तं इकडे या. याले पेट्रोल लागत नाई!"

मालक लाल झाले. "काहून नाई वाढवत? बोल!"

मी म्हटलं, "मालक, मागे साहेबांच्या मंडळींना फिरवलं, ते पेट्रोल हुसेनभाईच्या पोराच्या बारातीचं होतं. शुक्रवारी बारात हाये. चार बोटं कमी हाये."

साहेबांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. काठ शंभर हातांवर आला, मी इंजिन बंद केलं, बोट सरकत लागली.

पाहुणे उतरले. मालक उतरले नाहीत. त्यांनी पितळेची सळई काढली, पुसली, स्वतः टाकीत घातली, उन्हात धरून पाहिली.

"महादू, पितळ खरं बोलते."

मग म्हणाले, "ओत."

खोपडीतून डबा आणला, बोटीच्या टाकीतलं त्यात ओतलं, गळ्यापर्यंत भरला. मी झाकण मेणाने बंद केलं, बारातीच्या आदल्या दिवशी डबा खांद्यावर घेतला आणि शेलूबाजारची वाट धरली. मागे वळून पाहिलं तेव्हा भिकाजी खोपडीच्या दारात चिलीम पेटवत होता.

हुसेनभाई मोटार धूत होता. त्याने सळई मागितली नाही, वजन पाहिलं नाही. झाकण उघडलं, डबा टाकीवर उपडा केला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धरला. मग रिकामा डबा माझ्या हातात दिला. म्हणाला, "आता वजन नाई, महादूभाऊ, बारातीले या."