पाणीबाईंनी बिघडवायला घेतलेला तास

सहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना अख्खी शाळा पाणीबाई म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांची हरकतही नाही. पाणी कुठून येतं, कुठे जातं, जमिनीखाली किती उरलंय, हे त्या असं शिकवतात की पोरं घरी जाऊन एका गळक्या नळासाठी आईबापाचा जीव खातात. बाईंच्या अंगी गुण म्हणाल तर हा एवढाच, आणि हाच त्यांच्या मुळावर आला.

नवरा आणि मुलगी राहतात दुसऱ्या गावात, बसने सात तासांवर. नोकरी लागली तेव्हा ठरलं होतं, दोन वर्षं कशीबशी काढायची आणि तिकडे बदली घ्यायची. लेक तेव्हा सात वर्षांची होती. आता ती अकराची आहे. बाई महिन्यातून एकदा जातात, तेव्हा ती दारात उभी राहून विचारते, "प्रवास नीट झाला ना?" आता सांगा, पोटच्या पोरीने आईला विचारायचा प्रश्न आहे का हा? बाई परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडतात.

बदलीच्या अर्जावर मुख्याध्यापकांचा शेरा लागतो. गेली तीन वर्षं ते एकच वाक्य लिहितात, 'यांच्यावाचून शाळेचे भागणार नाही.' वर कौतुकाने म्हणतात, "बाई, हातचा हिरा कुणी सोडतं का?" हिरा म्हणे! हा हिरा राहतो एका भाड्याच्या खोलीत, जिची खिडकी उघडली की शेजारची भिंत हाताला लागते. भांडण करावं तर माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

यंदा चित्रकलेच्या सरांनी युक्ती सांगितली. "बाई, तुमचं चुकतं कुठे सांगू? तुम्ही चांगलं शिकवता. माझ्याकडे बघा, माझ्या तीन बदल्या झाल्या आणि एकही मी मागितली नव्हती."

बाई हसल्या, पण ते त्यांच्या डोक्यात बसलं. पुढच्याच आठवड्यात तपासनीस येणार होते आणि रिवाजाप्रमाणे मुख्याध्यापक त्यांना पाणीबाईंच्याच वर्गात आणून बसवणार होते. पाठ ठरलेला, जलचक्र. तपासनिसांनी एकदा 'साधारण' असा शेरा मारला की हिऱ्याचा दगड होईल, आणि दगड सोडायला कोण नाही म्हणतंय? बाईंनी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "या खेपेला नक्की." चार वर्षांत हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला.

तो दिवस आला. बाई रिकाम्या हातांनी वर्गात शिरल्या. पोरांनी टेबलाकडे पाहिलं.

"बाई, बरणी? ताटली? बर्फ?"

"आज काही नाही. पुस्तक उघडा."

आणि त्यांनी वाचायला घेतलं. एका सुरात, मान खाली घालून, बाष्पीभवन म्हणजे अमुक आणि सांद्रीभवन म्हणजे तमुक. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावर तपासनिसांनी जांभई दिली. मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळं कसं छान बिघडत चाललं होतं! बाईंना हुरूप आला आणि तिथेच त्यांनी जरा जास्त केलं. तपासनिसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "समुद्राच्या पाण्याची वाफ होते, तेव्हा पाण्याबरोबर मीठही वर जातं."

दोन-चार पोरं फिदीफिदी हसली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, पट्टी काढली आणि खाली सरळ रेघ मारली. बाई म्हणाल्या म्हणजे ते खरंच असणार.

बाईंनी ती रेघ पाहिली. दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. पंधरा मिनिटं, फक्त पंधरा मिनिटं दम धरायचा होता. पण जित्याची खोड, ती काय अशी जाते?

"खोड ते," बाई म्हणाल्या.

"पण बाई, तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं म्हणून लिहिलंस? पाऊस कधी चाटून पाहिलायस का? ऊठ! शिक्षकांच्या खोलीत चहाचं आधण ठेवलंय, ते आणा म्हणावं शिपाईमामांना. मीठ, बरणी, ताटलीही आण!"

मग काय विचारता! मुख्याध्यापकांच्या चहाचं पाणी बरणीत गेलं, त्यात मूठभर मीठ पडलं, वर गार पाण्याने भरलेली ताटली बसली. ताटलीच्या बुडाला थेंब धरले. चाळीस पोरं रांगेने आली आणि एकेक थेंब बोटावर घेऊन चाटून गेली. "गोडं आहे! बाई, गोडं आहे!" रांगेच्या शेवटी तपासनीसही उभे होते, बोट पुढे करून. असा तास बाईंनीही आजवर घेतला नव्हता.

तपासनिसांनी तिथेच वही मागवली. लिहिलं, 'मुद्दाम चूक सांगून मुलांना विचार करायला लावण्याची अपूर्व हातोटी. ही शाळा नमुना शाळा करावी. या बाईंना येथून हलवू नये.'

"बोला बाई, काय हवं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"बदली," बाई म्हणाल्या.

तपासनीस खदाखदा हसले. मुख्याध्यापकही हसले. बाई हसत नाहीत हे पाहून तपासनीस जरा ओशाळले, वही मिटून म्हणाले, "अहो, असं शिकवणारं वर्षात एखादं भेटतं. तुम्हाला कसं सोडणार?"

शाळा सुटल्यावर बाईंनी रिकाम्या वर्गात बसून घरी फोन लावला. लेकीने उचलला.

"आई, झालं का तुझं काम?"

"नाही गं, बाळा."

लेक रडेल, चिडेल, नाही तर फोन आपटेल, म्हणून बाई वाट पाहत राहिल्या.

"बरं," लेक म्हणाली. "मग बाबांना सांगते, तुझ्यासाठी कपाटातला खण रिकामा करतायत, तो नका करू म्हणून."