चेहरा पांढरा पडतो की लाल?

माझी मैत्रीण डॉक्टर नसीमा, तिच्या सुनेचा, सनाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मावशी, अम्मी गेल्या..." एवढंच ती बोलली. त्यांच्या देवळाली गावातल्या घरी पोचले तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आत बायकांमध्ये बसले. प्रत्येकजणी डॉक्टरीणबाईंनी आपल्याला कधी, कसं तपासलं ते सांगत होती. माझ्याकडेही सांगण्यासारखं तेच होतं, पण त्या दिवशी ते सांगणं राहिलं. आता काही आठवडे झालेत, म्हणून लिहितेय.

नसीमा आणि मी नाशिक रोडच्या एकाच मराठी शाळेत शिकलो. दोघींचे वडील तिथल्या नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते. ती डॉक्टर झाली, मी शिक्षिका. पन्नाशीच्या आसपास मला अचानक दरदरून घाम सुटायला लागला. डोकं ठणकायचं, छाती इतकी धडधडायची की आता संपलं असं वाटायचं. थोड्या वेळानं सगळं ओसरायचं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी ठीक निघायचं. नसीमा तेव्हा हजला गेली होती. एका डॉक्टरांनी पाळी जायचं वय म्हटलं, दुसऱ्यांनी टेन्शन. हळूहळू घरचेही "मन रमव कशात तरी" म्हणायला लागले आणि मलाही वाटायला लागलं, आपल्याच डोक्यात काही बिघडलंय.

ती परतल्याचं कळताच श्रीधर, माझे यजमान, मला तिच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिनं फाईल बाजूला सारली आणि विचारलं, "घाम येतो तेव्हा चेहरा पांढरा पडतो की लाल?"

"तेव्हा आरशात कोण बघतंय!" मी म्हटलं.

"पांढरा," श्रीधर म्हणाले. "पीठ फासल्यासारखा."

"पाळी जाताना बाई लाल होते गं," ती हळूच म्हणाली. मग मला आडवं करून बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. उभी राहिल्यावर ते बरंच उतरलं होतं. पोटावरून तिचा हात अगदी हलका फिरला, जोर तिनं मुद्दामच दिला नाही. तपासणं संपलं, मी चप्पल घालायला वाकले आणि तिथेच झटका आला. नसीमा माझ्याजवळ खाली फरशीवर बसली, दंडाला पट्टा गुंडाळला. मशीनवरचा आकडा पाहून श्रीधरांनी तोंड फिरवलं. ती मात्र माझी गार बोटं, थरथरणारा हात, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या, एकेक शांतपणे बघत होती. "घाबरू नकोस, मी आहे. माझ्यासमोर आला ते बरंच झालं." ओसरल्यावर म्हणाली, "हे मनाचं नाही. तुझ्या पोटात काहीतरी बसलंय." एवढी वाईट बातमी ऐकून मी रडले ती सुटका झाल्यासारखी. कुणीतरी माझं खरं मानलं होतं!

लघवीच्या तपासणीत आणि स्कॅनमध्ये उलगडा झाला. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी असते, तिच्यात गाठ होती. तीच मधूनच रक्तात हार्मोन ओतायची. असा आजार फार क्वचित होतो. मी लगेच ऑपरेशन करून टाकू म्हणत होते, पण नसीमानं ऐकलं नाही. आधी काही दिवस गोळ्या, आणि गोळ्या लागू पडल्यावर भरपूर पाणी आणि मीठ! बीपीच्या बाईला मीठ? सासूबाई हबकल्याच. नसीमा घरी येऊन त्यांच्यासमोर बसली, "आई, या गाठीनं हिच्या रक्तवाहिन्या आवळून धरल्यात. गोळीनं त्या सैल होतील, तेव्हा त्यांत भरायला पाणी लागेल. लोणचं वाढा हिला." सासूबाईंनी वाढलं. मुंबईत ऑपरेशन नीट पार पडलं. तिथले सर्जन म्हणाले, "हे न ओळखता दुसऱ्याच कशासाठी भूल दिली असती, तर टेबलावरून उठला नसतात."

पुढे अनेक वर्षांनी नसीमा स्वतः आजारी पडली तेव्हा तिच्या आजाराला असा सोपा शेवट नव्हता. शेवटच्या भेटीत मी तिच्या पायांवरची चादर सारखी नीट करत होते. तीच म्हणाली, "तोंड पाडून बसू नकोस. शाळेतलं काहीतरी सांग." मग आम्ही दोघी हसलो, तिला धाप लागेपर्यंत...

परवा गुडघ्यासाठी नसीमाच्या दवाखान्यात गेले. आता तिथे सना बसते, तीही डॉक्टरच. मी टेबलावर आडवी झाले. मला हात लावण्याआधी सनानं दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासले.

"गार हात लागला की पेशंट अंग चोरतो म्हणायच्या अम्मी," ती म्हणाली. "मग खरं काही कळत नाही."

तिनं गुडघ्यावर हात ठेवला. तो उबदार होता.