तुडुमाची बारी

लोक म्हणायचे, हिला नवऱ्यानं टाकली. साफ खोटं. मी त्याला टाकून आले होते. आरमोरीच्या बाजाराला सासरकडून आले, आणि परत जायच्या वेळी उलट्या वाटेनं चालत माहेर गाठलं. वडिलांनी तोंड फिरवलं. आत्यानं मात्र मला वर-खाली पाहून एकच प्रश्न विचारला, "पान्याखाली डोळे उघडे ठेवता येते काय तुले?" मी म्हटलं, येतात. तेव्हापासून मी आत्याची मदतनीस झाले.

आत्या बायकांना बुडी मारायला शिकवत होती. आज हे वाक्य मी सहज लिहिलं, पण त्या काळी मासे धरणाऱ्या आमच्या ढिवर मोहल्ल्यात ते उच्चारायचीही सोय नव्हती. बायकांनी गुडघाभर पाण्यात शिंगाडे काढावेत, मासोळी वाळवावी, विकावी. खोल पाणी पुरुषांचं. का, तर पुरुषांचं म्हणून.

आमचा तलाव जुना, मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या वेळचा. पाळीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीच्या पोटात, अगदी तळाशी एक दगडी भोक होतं, त्याला तुडूम म्हणत. तुडुमातला लाकडी खुंटा काढला की पाणी पाळीपलीकडे धानाच्या बांध्यांत जायचं, खुंटा ठोकला की थांबायचं. त्यासाठी दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोल पाण्यात, श्वास कोंडून, कुणालातरी तळाशी जावं लागे. ते काम आमच्या मोहल्ल्याकडे. एका हंगामाला एका घराची बारी. त्या बदल्यात तलावातली मासोळी आमची, प्रत्येक घराला एक ढीग. ज्या घरात बुडी मारणारं माणूस नाही त्या घराचा ढीग बंद. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, तरी हा नियम जसाच्या तसा चालू राहिला. सरकार काही तळाशी येऊन बसणार नव्हतं.

आत्या लहानपणापासून बुडी मारत होती. तिच्या वडिलांची छाती अधू, घरात थोरला मुलगा नाही, म्हणून घराची बारी आली की तीच उतरायची. वडील पंच होते, त्यामुळे कुणी ब्र काढला नाही. ते गेल्यावर सगळ्यांना अचानक रीतभात आठवली. पंचांनी तिला बोलावून सांगितलं, बाईनं तुडुमाला हात लावला तं तलाव आटते.

"मी इतके साल लावला," आत्या म्हणाली, "आटला काय?"

ते रागावले. आमच्याकडे उत्तर नसलं की पुरुष रागावतात. आत्यानं मनावर घेतलं नाही.

शेजारच्या वहिनीचा नवरा तापानं गेला तेव्हा तिच्या पदरात दोन लहान पोरी होत्या, आणि येत्या हंगामाची बारी नेमकी तिच्याच घराची होती. दिवसपाणी आटोपायच्या आत सासरा म्हणाला, आता तुझा वाटा धाकट्याच्या घरात मिळवून टाकू, तू आणि पोरी आमच्याच चुलीवर खा. ऐकायला किती मायाळू! पण दुसऱ्याच्या चुलीवर खाणं म्हणजे काय असतं ते मी सासरी पुरेपूर पाहिलं होतं. उष्टं काढायचं, उष्टं खायचं, वर उपकार मानायचे. वहिनीनंही ते ओळखलं. ती आत्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मले शिकवा. माह्या पोरी मी त्याईच्या ताटाखाली नाई बसवत."

तिच्यासोबत आणखी दोघी आल्या. एकीला खरंच शिकायचं होतं, दुसरी नवऱ्याशी भांडण झालं म्हणून आली होती. दोन्ही कारणं आत्याला चालत होती.

परवा माझ्या भाच्याची मुलगी कोकणात जाऊन आली. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली गेले, असं म्हणून फोटो दाखवत होती. मी विचारलं, पहिल्यांदा काय शिकवलं? म्हणाली, श्वास घेत राहायचं, थांबवायचा नाही. मला हसू आलं. आमच्याकडे सगळा खेळ श्वास थांबवण्याचाच होता. पण तिनं पुढं जे सांगितलं ते ओळखीचं निघालं. कान दुखतात, जीव घाबरतो, नवशिका माणूस समोर दिसेल ते पकडतो, आणि शिकवणाऱ्याला त्याच्या डोळ्यांकडे सतत बघत राहावं लागतं. तेच माझं काम होतं.

आधी गळ्याएवढ्या पाण्यात बसवून तोंड बुडवायला लावायचो. डोळे उघडे. मग तळात रोवलेल्या बांबूला धरून हळूहळू खाली. कान ठणकायला लागले की नाक चिमटीत धरून आतल्या आत फुंकर मारायची. तळाच्या दगडाला हात लावायचा आणि पाय मारत वर यायचं. मी पाण्यात, शिकणारीच्या बाजूला. घाबरलीच तर कमरेला धरून वर ढकलायला. कमळाचे देठ पायात अडकले तर कापायला माझ्या कमरेला विळा खोचलेला असे. आत्या काठावर बसून शिव्या घालायची. दोन्हीची गरज असते.

वहिनीचा दम मोठा होता. कुणापेक्षाही जास्त वेळ ती खाली राहायची, आणि खाली तिला भीती अशी नव्हतीच. तिचा घोटाळा व्हायचा वर आल्यावर. आमच्या बायकांशिवाय दुसऱ्या कुणाचा असा घोटाळा होणार नाही.

सासरा पाळीवर येऊन बसू लागला. बोलायचा नाही, अडवायचा नाही. तेंदूच्या पानाची बिडी ओढत पाण्याकडं तोंड करून नुसता बसायचा. वहिनी वर आली, डोळ्यातलं पाणी झटकलं, की समोर सासरा. आणि तिचे दोन्ही हात झटकन डोक्याकडं, पदर ओढायला! पाण्यात दोन्ही हात वर केले की माणूस सरळ खाली जातो. तोंड उघडं, श्वास अर्धा, आणि वहिनी पुन्हा पाण्याखाली. ती ठसकायची, खोकायची, मी तिला बाहेर काढायची. पुन्हा तेच. ती ठरवून करत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून हाताला वळण लागलेलं होतं, ते डोक्याला विचारत नव्हतं.

म्हाताऱ्याला हे कळलं होतं. म्हणून तर तो यायचा.

मी एकदा पाण्यातूनच ओरडले, "भाऊ, तुमी तिकडं झाडाखाली जाऊन बसा ना. हिचा जीव जाईन."

"काऊन? तलाव तुह्या बापाचा हाय काय?"

"माह्या बापाचा नाई, अन् तुमच्याबी बापाचा नाई. मालगुजाराचा होता, तोबी गेला."

म्हातारा उठला नाही. संध्याकाळी माझ्या वडिलांनी मला ऐकवायचं ते ऐकवलं. मी ऐकून घेतलं आणि सकाळी पुन्हा पाण्यात उतरले. तुडुमाजवळ पाण्याची ओढ किती असते ते मला ठाऊक होतं. सुटा पदर भोकात खेचला गेला तर त्याच्यामागे बाई जाते. त्या पदरापायी ही दोन पोरींची आई मरणार आणि मग हेच लोक म्हणणार की बघा, आम्ही सांगितलं होतं. नुसत्या विचारानं माझ्या अंगाची लाही व्हायची.

शेवटी आत्यानं तोडगा काढला. "येताना दोन्ही मुठीत तळचा चिखल आन. मूठ खोलली तं परत खाली जा."

पहिल्या दिवशी वहिनी वर आली, सासरा दिसला, हात डोक्याकडं गेले, आणि ओंजळभर काळा चिखल कपाळावरून नाकावर ओघळला. भांडून आलेली ती दुसरी इतकी हसली की पाणी प्याली. वहिनी रडवेली झाली, मग तिलाही हसू फुटलं. आत्या हसली नाही. "परत जा," म्हणाली. वहिनी परत गेली. किती वेळा गेली ते मी मोजलं नाही, पण लुगडं धुऊन धुऊनही काळंच राहायचं. असं करता करता एकदा ती वर आली, सासऱ्याकडं पाहिलं, मुठी मिटलेल्याच. पाय मारत काठापर्यंत आली आणि दोन्ही मुठींतला चिखल आत्यासमोर ठेवला. म्हातारा बिडी विझवून निघून गेला. मी त्याच्या पाठीकडं बघून पाण्यावर जोरात हात आपटला. लहानपणा होता, पण मला बरं वाटलं.

धान पिवळं पडलं, बांध्यांना पाणी नको झालं. तुडूम बंद करायचा दिवस ठरला. आत्याच्या हट्टापुढं पंचांनी वहिनीला ही एकच संधी दिली होती: जमलं तर ढीग तिचा, नाही तर वाटा धाकट्या दिराच्या घरात. त्याच दिवशी जाळी पडायची आणि पाळीवर ढीग लागायचे, त्यामुळे झाडून सगळा मोहल्ला आला होता. खुंट्याला तणस, म्हणजे धानाचा पेंढा, गुंडाळून तो भोकात ठोकायचा, म्हणजे फटीतून पाणी येत नाही. तणस बांधायचा मान घरातल्या मोठ्या पुरुषाचा. म्हणजे सासऱ्याचा. त्यानं तो बजावला, आणि खुंटा सुनेच्या हातात दिला.

पंच मला म्हणाले, "तू बांबूजवळ राह्यजो. पन हात लावला तं बारी मोडली."

वहिनी खाली गेली. मी बांबू धरून तरंगत राहिले. थोड्या वेळानं पाण्यावर एक काडी आली. मग दुसरी. मग तणसाचा अख्खा पुंजका सुटून वर आला आणि पसरला. मुद्दाम सैल बांधलं होतं की म्हाताऱ्याच्या हातात जोर नव्हता, हे मी सांगू शकत नाही. म्हणजे सांगू शकते, पण पुरावा नाही.

पाळीवर गलका झाला. "गेलं तणस! हिच्यानं नाई होत." सासऱ्यानं धाकट्याला खूण केली, तो अंगातला सदरा काढू लागला. आत्या उठून त्याच्या आडवी उभी राहिली. "ती वर याच्या आधी पान्यात पाय टाकजो नको. तिची बारी हाय." माझे हात शिवशिवत होते. खाली जाऊन खुंटा धरावा, तिला ढकलावं, काहीही करावं. पण मी गेले असते तर तिचा वाटा माझ्याच हातानं बुडाला असता. इतकं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, नुसतं तरंगत राहण्याचं.

वहिनी वर आली. श्वास घेतला, कुणाकडंही पाहिलं नाही, आणि मला म्हणाली, "विळा दे."

मी कमरेचा विळा काढून दिला. पंच काहीतरी बोलले. हात लावायची मनाई होती, विळा द्यायची नव्हती, असं मी ओरडून सांगितलं. तोवर ती पुन्हा खाली गेली होती.

ती बराच वेळ आली नाही.  धाकट्या दिराचा सदरा अर्धा काढलेला तसाच राहिला. मी पाण्यात तोंड घालून पाहिलं, गढूळ पाण्याशिवाय काही दिसेना. आणि मग पाळीच्या पलीकडून, बांध्यांच्या बाजूनं कुणीतरी हाक दिली, "थांबलं! पानी थांबलं!"

मग वहिनी वर आली. अंगात चोळी, काष्टा घट्ट, आणि लुगडं खांद्यापाशी संपलेलं. पदर नव्हताच. डोकं उघडं, केस मोकळे, ओठ निळे पडलेले. पाय मारत काठाला आली आणि उभी राहिली. इतके पुरुष समोर असताना आमच्या मोहल्ल्यात कुठलीही बाई तशी कधी उभी राहिली नव्हती.

सासरा ओरडला, "डोक्यावर पदर घे!"

"मामाजी, तो तुडुमात हाय," वहिनी म्हणाली. धाप लागलेली होती, तरी शब्द स्वच्छ आले. "खुंट्याले गुंडाळला. पायजे असन तं जाऊन काढून आना."

कुणीही गेलं नाही. आत्यानं तिच्या अंगावर घोंगडी टाकू पाहिली, तिनं ती पोरींच्या अंगावर टाकली.

जाळी ओढली गेली. पळसाची पानं मांडून पंचांनी ढीग लावायला सुरुवात केली. घरातल्या पुरुषाचं नाव पुकारायचं, त्यानं "हाव" म्हणायचं आणि ढीग उचलायचा, अशी रीत. सासऱ्याचं नाव झालं, धाकट्याचं झालं. मग पंच अडखळले. तुडूम बंद होता, नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी खाकरून वहिनीच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव पुकारलं.

वहिनी जागची हलली नाही. पंचांनी पुन्हा पुकारलं.

"तो नाई राह्यला," वहिनी म्हणाली. "बुडी मी मारली. माह्या नावानं पुकारा."

पंचांनी सासऱ्याकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, पानावर तडफडणाऱ्या मासोळीकडं पाहिलं. खरं तर तिचं नाव त्यांना आठवत नव्हतं. सून, वहिनी, अमक्याची बायको, असंच सगळे म्हणत होते. माझीही तीच गत होती. शेवटी तिनंच ते सांगितलं. पंचांनी ते नाव पुकारलं, आणि तिनं "हाव" म्हटलं, पार पलीकडच्या काठावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.