न विचारता लिहिलेलं ‘नाही’

दवाखान्यात त्यांना सगळे वजनवाल्या मावशी म्हणत. खरं तर त्या परिचारिका, चांगल्या वीस वर्षं मुरलेल्या. पण गरोदर बायकांना काट्यावर चढवताना त्यांचं तोंड असं काही सुटायचं की हेच नाव पडलं. चपला काढ गं, त्यांचं वजन बाळाच्या नावावर नको, असं म्हणून रडवेल्या पोरीलाही हसवतील. जिभेला हाड नव्हतं, पण जीव तितकाच लावायच्या. अशा बाईत खोट काढायची म्हणजे जिवावर येतं, पण होती खरी.

सकाळी गर्दी व्हायच्या आत मावशी तपासणीच्या छापील कागदांचा कोरा गठ्ठा पुढ्यात घ्यायच्या आणि ‘दारू घेता का?’ या प्रश्नापुढे सगळ्यांवर एका दमात ‘नाही’ लिहून मोकळ्या व्हायच्या. कुणी हटकलंच तर म्हणायच्या, अहो, सासू शेजारी उभी असताना कोण हो म्हणणार आहे? उगाच वेळ कशाला घालवा!

एकदा लाँड्रीत इस्त्रीचं काम करणारी एक बाई दुसऱ्यांदा तपासणीला आली. सहावा महिना, आणि वजनाचा काटा जागचा हलेना. मावशी म्हणाल्या, दोन महिन्यांत एवढंच? जेवतेस की नुसती इस्त्रीची वाफ खातेस? ती हसली नाही. दार लावता का, एवढंच तिने विचारलं.

मग ती बोलली. गेल्या वर्षी तिचं बाळ आठव्या दिवशी गेलं होतं. दिवसभर उभं राहून इस्त्री करताना वेळ जायचा, पण संध्याकाळी घर खायला उठायचं. दारूचा एक पेला सुरू झाला, त्याचे तीन झाले. पुन्हा दिवस गेले, तरी सुटेना.

“आता सोडून काही उपयोग आहे, की व्हायचं ते होऊन गेलं?”

मावशींची थट्टा कुठल्या कुठे पळाली. त्या म्हणाल्या, आहे तर! थांबशील त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे. पण रोजची सवय आहे, तेव्हा आपल्या मनाने एकदम सोडू नकोस, त्याने तुलाच त्रास होईल. कसं थांबायचं ते डॉक्टरीणबाई सांगतील. मागच्या वेळीच का नाही बोललीस गं?

“सांगायलाच आले होते, मावशी. येताना वाटभर घोकत आले. पण तुम्ही कागद पुढे केलात, तर त्यावर आधीच ‘नाही’ लिहिलेलं. वाटलं, इथे असल्या बायका येतच नसतील.”

दोन महिने. मावशींना तिच्याकडे बघवेना. स्वतःचीच अशी लाज त्यांना आजवर कधी वाटली नव्हती.

तिला घेऊन त्या आत गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना तिच्या दारूचं सांगितलं. बाईंनी जुना कागद काढला, त्यावर बोट ठेवलं आणि कडक आवाजात तिला विचारलं, की मागच्या वेळी खोटं का सांगितलंस. ती खाली मान घालून उभी राहिली. मावशींचं नाव तिने घेतलं नाही. मावशी मूग गिळून बसल्या असत्या, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“ती खोटं बोलली नाही, बाई,” मावशी म्हणाल्या. “मी तिला विचारलंच नव्हतं. मी कुणालाच विचारत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी तिला खुर्ची दिली आणि रोज किती होते ते हळू आवाजात विचारलं. ती सांगू लागली.

मावशी बाहेर आल्या. बाकांवर रांगेने बायका बसल्या होत्या. त्यांच्या हातातले कागद मावशींनी एकेक करून परत मागून घेतले.