सात वेळा उसवलेला ड्रेस

कात्रीमावशीच्या हातून शिलाई बिघडली असं कोणी म्हटलं असतं, तर गल्लीनं म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं मशीनवर वाकून तिच्या पाठीला बाक आला होता, पण टाका कधी वाकडा गेला नव्हता. जीभ मात्र कात्रीसारखी चालायची, म्हणून हे नाव. गिऱ्हाइकानं 'जरा सैल ठेवा' म्हटलं, की 'मग शिवता कशाला, चादर गुंडाळा' हे ऐकून घ्यायचं आणि मुकाट्यानं माप द्यायचं, अशी त्या दुकानाची रीत होती. अशा बाईनं एकच ड्रेस सात वेळा बिघडवला, आणि तोही ठरवून.

ड्रेस होता ड्रॉइंगबाईंचा. लग्नाआधी त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, लग्नानंतर नवऱ्यानं नोकरी सोडायला लावली. बाईंचा फोन त्याच्या खिशात, घराची किल्लीही त्याच्याच खिशात. पण महिनाअखेरीला त्याच्या ऑफिसचा समारंभ होता आणि तिथे बायको चारचौघांत मिरवायची होती, म्हणून तो स्वतः तिला मावशीकडे घेऊन आला. बंद गळा हवा, बाह्या मनगटापर्यंत हव्यात, हे सगळं त्यानंच सांगितलं. मग बाहेरच्या बाकावर बसून मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाला, दहा मिनिटांत आटपा. बाकावर शेजारी बसलेल्या बायकांनी तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं, घड्याळराव.

आत पडद्यामागे मावशीनं दंडाला टेप लावली आणि ड्रॉइंगबाई चटका बसल्यासारख्या मागे सरल्या. दंडावर चार बोटं उमटलेली होती, निळी. माप घेणारीपासून काय लपणार? पण पूर्वी एकदा मावशीनंच लपवलं होतं. असाच गळा झाकायचा ड्रेस, अशीच एक बाई. मावशीनं काही विचारलं नाही, कॉलर उंच लावून दिली, वर स्वतःच्या हातसफाईचं कौतुक केलं. ती बाई पुढे पुन्हा कधी कोणाला दिसली नाही. त्या कॉलरची मावशीला आजही लाज वाटते, आणि वाटायलाच हवी, असं ती स्वतःच म्हणते.

या वेळी तिनं विचारलं. ड्रॉइंगबाई पडद्याकडे बघत राहिल्या. पण त्या पडद्याची एक गंमत होती. आत बायका कपडे बदलतात, म्हणून घड्याळरावालाही तो ओलांडता येत नव्हता. साऱ्या जगात दहा मिनिटं मिळणारी ही एवढीच जागा, कपाटाहून थोडी मोठी. दहा मिनिटांत काय होणार? मावशीनं हिशोब केला तो सोपा होता. ड्रेस नीट झाला की येणं संपलं. म्हणजे ड्रेस नीट होता कामा नये.

बोलायला सोपं होतं. पहिल्या खेपेला तिनं डावी बाही दोन बोटं आखूड कापायची ठरवली, पण चाळीस वर्षांच्या सवयीनं हातानं ती आपोआप बरोबरच कापली. मग गळा तिरका केला, तर तो इतका खुलून दिसला की बाकावरच्या तिघींनी आम्हाला तसाच हवा म्हणून हट्ट धरला. मावशीला रडू यायचं बाकी होतं. शेवटी गल्लीतल्या नर्सताईला मशीनवर बसवलं. ती म्हणाली, माणसांना पुष्कळ टाके घातलेत, कापडाला पहिल्यांदाच घालतेय. ड्रेस असा काही बिघडला, की मावशीला तो बघवेना.

घड्याळराव भडकला. पण दुसऱ्या शिंप्याकडे जाईना, कारण हा शिंपी त्यानं निवडला होता आणि त्याची निवड चुकते हे त्याला मान्य नव्हतं. तो दर तीन दिवसांनी बायकोला घेऊन यायचा आणि मावशीला अक्कल शिकवायचा. बाकावरच्या बायका, मावशीनंच पढवलेल्या, दुजोरा द्यायच्या. म्हातारीचे डोळे गेले हो, हात कापतो हो, आमचाही सत्यानाश केला. मावशी शिव्या खात टाके उसवत बसायची. आयुष्यभराची अब्रू अशी चव्हाट्यावर उसवली जात होती आणि तिला त्याचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला.

पडद्यामागे मात्र काम नेटकं चाललं होतं. कधी नर्सताई आधीच आत जाऊन बसलेली असायची आणि अंगावरची प्रत्येक खूण तारखेसकट लिहून घ्यायची. कधी नर्सताईच्या ओळखीच्या वकीलबाई मागच्या दारानं येऊन चिंध्यांच्या गाठोड्यावर बसायच्या आणि मांडीवर कोर्टात द्यायचा अर्ज लिहायच्या. सातव्या खेपेपर्यंत अर्ज पुरा झाला, सही झाली, नर्सताईच्या माडीवरची खोली झाडून ठेवली गेली. मागचं दार बोळात उघडत होतं. उरलं होतं एकच, ड्रॉइंगबाईंनी उठून निघायचं. ते विचारलं की त्या म्हणायच्या, बघू.

आठवी खेप समारंभाच्या सकाळची होती, म्हणजे शेवटची. पडद्यामागे नर्सताई आणि वकीलबाई तयार होत्या, बोळात गाडी उभी होती. दहा मिनिटं पुरणार नाहीत म्हणून मावशीनं घड्याळरावासमोर हात जोडले. म्हणाली, साहेब, फार चुकलं माझं, भरपाई म्हणून तुमच्यासाठी कोट बेतलाय, घालून तर बघा. कोट फुकट आणि वर माफी, माणूस विरघळला. मावशीनं त्याला स्टुलावर उभं केलं, दोन्ही हात आडवे पसरायला लावले आणि टाचण्या लावायला घेतल्या. काखेत लावल्या, कमरेला लावल्या, बाहीला वरून खाली ओळीनं लावल्या.

टाचण्यांची डबी निम्मी झाली तरी बोळातून गाडीचा आवाज येईना. पडदा जागचा हलेना. मावशीला घाम फुटला. पाणी पिण्याचं निमित्त करून तिनं आत डोकावलं, तर ड्रॉइंगबाई गाठोड्यावर बसलेल्या. वकीलबाई हळू आवाजात समजावत होत्या, नर्सताईनं हात धरला होता, आणि त्या मान हलवून नाही म्हणत होत्या. आज समारंभ आहे, म्हणत होत्या. त्यांना राग येईल, म्हणत होत्या.

मावशी बाहेर आली. ओढून नेणं काही तिच्या हातात नव्हतं, ते कोणाच्याच हातात नसतं. आता टाचण्या संपेपर्यंत वेळ काढायचा, एवढंच. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे पुढची टाचणी कापडातून थेट कातडीत गेली.

"आई गं," घड्याळराव कळवळला. "हळू ना मावशी. दुखतंय हो."

पडद्यामागची कुजबुज थांबली. त्या घरात 'दुखतंय' म्हणायची ड्रॉइंगबाईंना सोय नव्हती, म्हटलं की नाटकं करते म्हणून आणखी दोन बसायच्या. आणि इथे सुईएवढ्या टाचणीनं तो रडकुंडीला आलेला.

आतून हसू आलं. आधी नाकातल्या नाकात, मग चांगलं मोकळं. बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण ते हसू कोणाच्याच ओळखीचं नव्हतं.

पडदा बाजूला झाला. मागचं दार सताड उघडं होतं, पण ड्रॉइंगबाई पुढूनच आल्या, नर्सताईच्या वेड्यावाकड्या शिलाईचा ड्रेस अंगात घालून. स्टुलासमोर क्षणभर थांबल्या.

"मी निघाले," त्या म्हणाल्या. "परत येणार नाहीये."

"थांब," म्हणून त्यानं हात खाली आणला, तशा सात-आठ टाचण्या एकदम टोचल्या आणि हात आपोआप वर गेला. ड्रॉइंगबाई पायरी उतरल्या. नर्सताई आणि वकीलबाई दोन्ही बाजूंनी गेल्या, आणि बाकावरच्या बायकाही न सांगता उठून मागोमाग निघाल्या. दुकान रिकामं झालं.

"साहेब," मावशी उरलेल्या टाचण्या डबीत भरत म्हणाली, "बांधलेलं नाही हो तुम्हाला कोणी. थोडं टोचेल, एवढंच."

बोळाच्या तोंडाशी गाडीची दारं लागल्याचा आवाज आला, गाडी सुरू झाली, वळणावर गेली, आणि टोचेल म्हणून घड्याळराव दोन्ही हात पसरून स्टुलावर तसाच उभा होता.