सुनिल्दाची गरम पाण्याची पिशवी

सुनिल्दाचं काम दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला गारठवून ठेवण्याचं, आणि स्वभाव माणसांना ऊब देण्याचा. या दोघांचं एकमेकांशी कधी फारसं पटलं नाही.

विकुन्या गावाच्या वरच्या डोंगरावर तिचा बाप शेळ्या राखायचा. शेळ्या गेल्या, तिथे दुर्बीण आली, सुनिल्दा राहिली. दिवस कलला की जाड हातमोजे चढवून ती कॅमेऱ्यात द्रव नायट्रोजन ओतायची. तो कॅमेरा अवरक्त, म्हणजे त्याला वस्तूंची ऊब दिसते. स्वतःच गरम राहिला तर स्वतःलाच बघत बसेल. ते झालं की तीच बाई दुर्बिणीवर शिकायला येणाऱ्या पोरांमागे पायमोजे, चहा आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन फिरायची. पोरं तिला तिया म्हणायची, म्हणजे मावशी. "टोपी घाल," हे ती टक्कल पडलेल्या प्राध्यापकांनाही सुनवायची.

त्या आठवड्यात वाल्पाराइसो शहरातून माइते आली, पीएच.डी.साठी. मरणाला टेकलेला तारा अंगावरची धूळ झटकतो आणि तिचं कोमट कवच त्याच्याभोवती पसरतं. माइतेच्या ताऱ्याचं एक कवच माहीत होतं. त्याच्याबाहेर जुनं, दुसरं सापडलं तर प्रबंध पुरा, नाहीतर पुन्हा वर्षभर वाट. आधीच्या सगळ्या रात्री ढगांनी खाल्ल्या होत्या. ही शेवटची रात्र.

"तिया सुनिल्दा! अहो, लवकर या!"

पडद्यावर ताऱ्याच्या डावीकडे भलामोठा उजळ पट्टा होता. माइते खुर्चीभोवती नाचत होती. "दुसरं कवच! केवढं थोरलं बघा! आईला फोन लावते."

"लाव, लाव. मी चहा टाकते," म्हणत सुनिल्दा आत गेली. किटली ठेवली, सवयीने पिशवीच्या खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी.

मघाशी घुमटात तार जोडताना पोरगी कुडकुडत होती, म्हणून तिनेच पिशवी दुर्बिणीच्या सांगाड्यात खोचली होती, पोरीच्या पाठीला लागेल अशी. आजच्यापुरतं नाचू दे, असं क्षणभर वाटलं. पण आईला एकदा सांगितलेलं मागे कसं घेणार?

"पोरी, फोन ठेव. ते कवच माझं आहे."

"म्हणजे?"

"माझी गरम पिशवी दुर्बिणीत राहिलीय."

माइतेचा चेहरा उतरला. मग तिला हसू फुटलं. "मी तिला हजारो वर्षं जुनी ठरवली की हो, तिया!"

"काही चूक नाही. माझ्या लग्नातली आहे."

दोघी घुमटाकडे धावल्या. लोकरीच्या खोळीतली पिशवी अजून कोमट होती. ती काढली, सांगाडा निवू दिला. तारा डोंगराकडे झुकत होता, आणि सुनिल्दा उगाचच पदराने वारा घालावा तशी शाल हलवत होती.

नव्या चित्रात पट्टा नव्हता. माइतेने एकावर एक चित्रं रचली, आणि पहिल्या कवचाबाहेर केसासारखं बारीक कडं उमटलं, सगळीकडून सारखं.

"हे तरी माझं नाही ना?" सुनिल्दाने दबकत विचारलं.

माइतेने दुर्बीण शेजारच्या ताऱ्याकडे वळवून पाहिलं. दुर्बिणीची चूक असती तर तिथेही कडं दिसलं असतं; दिसलं नाही. "नाही तिया. हे त्याचंच."

मग फोन लागला. पलीकडून आईचा पहिला प्रश्न, "टोपी घातलीयस ना?"

"घातलीय," सुनिल्दाच ओरडली, "मी बघतेय!"

आता त्या पिशवीला बापाच्या शेळीची घंटा बांधलेली असते. घुमटात जाताना वाजली, की बाहेर येताना वाजेपर्यंत कुणी दुर्बिणीला हात लावायचा नाही. दंडक सुनिल्दाचाच.